बारावीनंतर तबला: बंद करायचा, की त्यावरच उभं राहायचं?

बारावीचा निकाल लागला की पुढच्या पंधरा दिवसांत मला सात-आठ फोन येतात. फोन आईचा असतो. "ताई, आमचा मुलगा पाचव्या वर्षापासून वाजवतोय. विशारदची परीक्षा पास झालाय, बक्षिसांनी कपाट भरलंय. आता हे थांबवायचं, की यातच जाऊ द्यायचं?" मागे कुकरची शिट्टी होते. ज्याच्याबद्दल चाललंय तो तिथेच कुठेतरी कान देऊन बसलाय, हे न बघताही कळतं.

मी मूळची मिरजेची. माझी बारावी २००८ साली झाली आणि हाच प्रश्न आमच्या घरात महिनाभर जेवणाच्या ताटावर होता. शेवटी मी तबल्यावरच राहिले. आज पुण्यात साथ करते, शिकवते, त्यावर घर चालतं. पण ते ठरवताना ज्या चुका केल्या त्या टाळता आल्या असत्या. प्रत्येक फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून ठेवते. गाणाऱ्या, नाचणाऱ्या मुलांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण मला आतून माहीत आहे तो तबला, म्हणून बोलणार तबल्याचंच.

आणखी एक. "सोडू की धंदा करू" हा प्रश्न सतराव्या वर्षी सुटत नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला लागणारी माहितीच तेव्हा हातात नसते. ती माहिती वर्षभरात गोळा करता येते. हा लेख त्या वर्षाबद्दल आहे.

१. आधी कौतुकाचा हिशेब मांडा

बालकलाकाराला मिळणारी टाळी अर्धी वयाची असते. डग्ग्यामागून नुसतं डोकं दिसतंय असं पोर धडाधड रेला (बोलांची वेगवान, अखंड धावती रचना) वाजवायला लागलं की सभागृह वेडं होतं. तेच पोर विसाव्या वर्षी, दाढी आलेली असताना, तोच रेला त्याच लयीत वाजवतं आणि लोक मोबाइल बघायला लागतात. रेला तोच असतो, फक्त वय गेलेलं असतं.

म्हणून एक वही घ्या. आजवर जिथे जिथे वाजवलंत ते सगळं लिहा: कोणी बोलावलं, सोलो वाजवला की साथ केली, पैसे मिळाले का, आणि त्याच माणसाने पुन्हा बोलावलं का. स्पर्धांची बक्षिसं या वहीत लिहायची नाहीत. शाळेचं स्नेहसंमेलन, नातेवाइकांची मुंज, आईच्या भिशीतला कार्यक्रम हेही नाही.

शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा निघतो. माझाही निघाला होता. घाबरू नका, या वयात तो कोराच असतो. पुढच्या वर्षभरात आपल्याला तो भरायचा आहे.

तो कोरा का होता हे मला सोळाव्या वर्षी कळलं. गावातल्या एका बैठकीत ठरलेला तबलजी ऐनवेळी आला नाही आणि मला बसवलं. गाणारे बुवा ज्येष्ठ होते. विलंबित एकताल, इतका संथ की दोन मात्रांच्या मधे चहा पिऊन यावं. मला ती मोकळी जागा सहन होईना. दिसली फट की भर तिरकिट, दिसली फट की टाक तिहाई. समोरचे लोक माना डोलवत होते, मला वाटलं रंगलंय. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनाला बुवांनी माइकवर हात ठेवला, माझ्याकडे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "बाळ, मला सम दिसू दे." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे गाणारा आणि वाजवणारा एकत्र पोचतात.

त्यानंतर तासभर मी नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, दिला. तोवरच्या सगळ्या ढाली नि करंडक मिळून मला जे कळलं नव्हतं ते त्या तासात कळलं: स्पर्धेत वाजवतो तो तबला वेगळा आणि ज्याचे पैसे मिळतात तो वेगळा. उस्ताद अहमदजान थिरकवा सोलोचे बादशहा होते, तरी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे बसून त्यांनी साथ केली. तबल्यावर जगणाऱ्यांपैकी बहुतेकांचं घर साथीवर आणि शिकवण्यावर चालतं. सोलो ही वर्षाला चार-दोन वेळा येणारी दिवाळी.

२. एक वर्ष ठरवा, तारखेसकट

"बघू, करून बघू" असं म्हणू नका. १ जुलै ते ३० जून, अशी तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांनाही दाखवा. या वर्षात तबला हे मुख्य काम. पण कॉलेजचा प्रवेश सोडायचा नाही. हे माझं ठाम मत आहे आणि यावर माझ्याशी भांडणारे माझेच मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, मागे दोर असला की माणूस चढत नाही. माझं म्हणणं, अठराव्या वर्षी मनगट दुखावलं तर दोर असलेला बरा.

कुठलं कॉलेज, हा त्यापुढचा प्रश्न. दोन वाटा आहेत.

एक, संगीतातच पदवी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे गुरुकुल पद्धतीवर भर आहे आणि प्रवेशासाठी वाजवून दाखवावं लागतं. पुण्यातच भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. गोव्याच्या मुलांना पणजीत कला अकादमी आहे. प्रवेशाच्या तारखा बारावीच्या धामधुमीत येतात आणि निघून जातात, त्यामुळे निकालाची वाट न बघता एप्रिलपासूनच चौकशी करा.

दुसरी वाट, साधी बी.ए. किंवा बी.कॉम., आणि तबला बाहेर गुरूंकडे. मी ही निवडली. सकाळचं कॉलेज, दुपारपासून आपण मोकळे.

इंजिनिअरिंग करून तबला वाजवणारेही ढिगाने आहेत. आमच्या क्षेत्रात अर्ध्या ग्रीनरूमला बी.ई. म्हणून हाक मारली तर माना वळतील. पण पहिल्या दोन वर्षांत सबमिशनं आणि हॉस्टेल मिळून रियाझाचं काय होतं ते त्यांनाच विचारा. हॉस्टेलच्या खोलीत पहाटे पाचला डग्ग्यावर घिस्सा मारून बघा, सातला रेक्टरकडे बोलावणं येतं.

३. परीक्षेच्या क्लासमधून गुरूंकडे जा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त मुलं इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद, मग अलंकार. त्या द्याव्यात. त्यामुळे शिस्त लागते, ताल तोंडपाठ होतात, दहावीला वाढीव गुणही मिळतात. (ते गुण पदरात पडले की निम्मी मुलं तबला माळ्यावर टाकतात, तो भाग वेगळा.) पण विशारद झालो म्हणजे वादक झालो, असं नाही. परीक्षेत परीक्षक विचारतो आणि तुम्ही सांगता. मैफलीत कोणी विचारत नाही. गायिका डोळे मिटून आलापीतून बंदिशीवर येते आणि तिसऱ्या अक्षराला तुम्हाला ताल आणि लय ओळखून सम गाठायची असते.

त्यासाठी स्वतः मंचावर बसणाऱ्या माणसाच्या सहवासात राहावं लागतं. असे गुरू मिळवायचे कसे?

त्यांच्या कार्यक्रमानंतर ग्रीनरूममध्ये घुसून "मला शिकवा" म्हणू नका. तेव्हा ते दमलेले असतात आणि भोवती वीस माणसं असतात. आधी पाच-सहा कार्यक्रम नुसते ऐका. मग तुमच्या सध्याच्या सरांना सांगून त्यांच्याच ओळखीतून जा. सध्याच्या सरांपासून लपवून जाणं हा मोठा खड्डा आहे, कारण हे क्षेत्र इतकं छोटं आहे की तुम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचते. भेटायला गेलात की तुमचा सगळ्यात वेगवान रेला वाजवून दाखवू नका. पेशकार (सोलोच्या सुरुवातीची रचना) वाजवा, संथ, आणि चुकलात तर थांबून पुन्हा वाजवा. माझ्या गुरूंनी पहिल्या भेटीत माझं वाजवणं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ना वाजव." चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, नुसता ना. अर्धा तास. पुढचे तीन महिने ना, तिन् आणि धा. घरी येऊन रडले होते. आज कोणी माझ्या वादनाबद्दल बरं बोललं तर त्या ना-बद्दलच बोलतं.

फीचं आधीच विचारा, संकोच करू नका. काही गुरू महिन्याचे घेतात, काही तासावर, काही घेतच नाहीत. पण मग त्यांची वाद्यं उचलणं, तंबोरे लावणं, गाडीतून सोबत जाणं हे ओघाने आलं. त्यातून शिकायला फार मिळतं. मात्र दोन वर्षं नुसत्या बॅगा उचलल्या आणि तालीम एकदाही मिळाली नाही, असं झालं तर ते तुमचं दुर्दैव समजून बसू नका, नमस्कार करून निघा.

४. साथीचं काम कुठून सुरू करायचं

पहिलं काम कथकच्या क्लासात शोधा. ऐकायला कमी वाटतं, पण मला तिथे मिळालं ते कुठल्याच कार्यशाळेत मिळालं नाही. संध्याकाळी पाच ते आठ, तीन तास, तत्कारासाठी (पायांच्या मूळ कामासाठी) एकाच लयीचा तीनताल. समोर वीस मुली, त्यातल्या चार पळतात, तीन मागे पडतात, आणि लय तुमची. शिकवणाऱ्या ताई पढंत करतात, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात, ती ऐकून तसाच्या तसा तुकडा हातातून काढायचा. महिन्याचे ठरलेले पैसे मिळतात हा आणखी फायदा. इथे "मी क्लासला वाजवणारा नाही, मी मैफलीचा" असं म्हणणारी मुलं वर्षभराने कुठे असतात ते मी बघितलंय.

त्याच्या जोडीला गाण्याच्या क्लासात जा. विद्यार्थी गात असतात, चुकतात, सम सोडतात. त्यांना सांभाळून घेणं हीच साथ. मग भजनी मंडळ. भजनी ठेका सोपा वाटतो, पण चाळीस टाळांच्या मधे बसून तो तासभर घट्ट ठेवा, मग बोला. सुगम संगीत आणि भावगीतांचे कार्यक्रम हे पुढचं. तिथे केरवा-दादऱ्याचे शंभर प्रकार लागतात आणि मूळ ध्वनिमुद्रणात लग्गी (ठेक्याच्या जागी येणारे जलद, नाचरे बोल) कुठे आहे ते तोंडपाठ असावं लागतं, कारण पहिल्या रांगेतल्या आजोबांना ते पाठ असतं.

कामाचा हंगामही समजून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी धीर सुटेल. आषाढीच्या आसपास अभंगांचे कार्यक्रम, मग गणपती, पितृपक्षात शुकशुकाट, नवरात्र, दिवाळी पहाट (त्या चार-पाच दिवसांत प्रत्येक वादकाला एकाच वेळी तीन ठिकाणी असावं लागतं), डिसेंबर ते फेब्रुवारी महोत्सव. मार्च-एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा, मेमध्ये सुट्टीची शिबिरं. दिवाळीचे पैसे दिवाळीतच संपवले की मार्च जड जातो.

कॉलेजात असाल तर विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि त्यापुढचा राज्याचा इंद्रधनुष्य महोत्सव सोडू नका. बक्षीस दुय्यम, तिथे तुमच्या वयाचे गायक आणि सतारिये भेटतात. पुढची वीस वर्षं तुम्हाला बोलावणार आहेत ते हेच लोक.

५. सामान

एकाच तबल्यावर धंदा होत नाही. निदान दोन तबले लागतात: पुरुष गायकांसाठी काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपासचा आणि बायकांच्या पट्टीसाठी, म्हणजे काळी चार-काळी पाचसाठी, मोठ्या तोंडाचा ढाल्या, म्हणजे खालच्या, सुराचा. डग्गा एक, पण चांगला. "सगळ्या पट्ट्यांत चालतो" असं दुकानदार म्हणाला तर तो तबला घेऊ नका. ओढून वर नेलेला तबला ऐन रंगात उतरतो किंवा पुडी (वरचं कातडं) फाटते.

बॅगेत कायम असावं ते:

- हातोडी (विसरलात तर दुसऱ्याकडे मागताना फार लाज वाटते)
- दोन्हींच्या चुंबळी, एखादी जादा
- पावडर, हात पुसायचा सुती रुमाल
- मोबाइलवर तंबोरा आणि लेहऱ्याचं (तालाचं आवर्तन दाखवत फिरणाऱ्या धुनेचं) अॅप, छोटा स्पीकर
- नेलकटर आणि चिकटपट्टी. थंडीत तर्जनी फुटते
- वही आणि पेन

पावसाळ्यात दमट हवेने पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत आणि दिव्यांखाली तो चढतो. त्यामुळे निदान तासभर आधी पोचून तबला मंचावरच ठेवा, मग मिळवा. ग्रीनरूममध्ये मिळवून आणलेला तबला पडदा वर गेल्यावर वेगळाच बोलतो. आणि पुडी बदलणाऱ्या कारागिराशी जिव्हाळा ठेवा. मिरजेत आमच्या घराजवळ एक चाचा होते, नुसतं बोटाने टिचकी मारून "बेटी, शाई मधे उठलीये, महिनाभर चालेल" असं सांगायचे. महिनाभरच चालायचा.

६. कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण एका दुपारचं काम आहे.

- आधार, पॅन आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं. वडिलांच्या खात्यावर मानधन घेऊ नका, कराच्या वेळी गुंता होतो.
- गांधर्व मंडळाची प्रमाणपत्रं, मूळ आणि स्कॅन.
- गुरूंचं पत्र: किती वर्षांपासून शिकताय, कुठलं घराणं.
- तीन ध्वनिचित्रफिती: विलंबित ख्यालाची साथ, भजन किंवा सुगम, आणि दहा मिनिटांचा सोलो. एका माइकवरचं साधं चित्रण चालेल, मिक्सिंग करून गुळगुळीत केलेलं नको.
- दहा ओळींचा परिचय. त्यात "वयाच्या चौथ्या वर्षी ताल धरला" असं लिहू नका. सगळ्यांनीच धरलेला असतो.
- पासपोर्ट. परदेश दौऱ्याला मुख्य तबलजी अडला की तीन आठवड्यांत जाऊ शकेल असा माणूस शोधतात.

मानधनाबद्दल: संस्था मोठी असेल तर १० टक्के टीडीएस कापून देते. पॅन दिला नाही तर २० टक्के कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तरी विवरणपत्र भरा, कापलेले पैसे परत मिळतात. मी पहिली तीन वर्षं भरलं नाही आणि ते पैसे सोडून दिले. कोणी सांगितलं नव्हतं.

संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. किमान पाच वर्षं गुरूंकडे शिकलेलं असावं लागतं आणि वाजवून दाखवावं लागतं. जाहिरात निघाली की त्या वर्षीच्या अटी नीट वाचा. आकाशवाणीची ऑडिशनही द्या. बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी आहेत. नुसत्या बी श्रेणीनेही परिचयपत्राला वजन येतं, आणि नापास झालात तरी तयारीच्या निमित्ताने झुमरा, तिलवाडा, आडा चौताल हे सगळे ताल हाताखालून जातात.

विशारदचं प्रमाणपत्र म्हणजे विद्यापीठाची पदवी, असं धरून चालू नका. एखाद्या नोकरीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी चालेल का, हे त्या-त्या ठिकाणी लेखी विचारून घ्या.

लहानपणी मालिकेत किंवा टीव्हीच्या स्पर्धेत काम केलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. २०१७ च्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाच्या कमाईपैकी निदान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायची असते. पावती घरात कुठेतरी असेल. शोधा, दुसरा तबला त्यातून येईल.

७. पैशाचं बोलणं

माझं पहिलं मानधन ३०० रुपये, एक नारळ आणि शाल. अजून चार शाली त्या वर्षी जमल्या. शालीने रिक्षाचं भाडं देता येत नाही.

आपल्याकडे कलाकाराने पैशाचं विचारणं म्हणजे काहीतरी हलकं, असं मनात बसलेलं असतं. त्यावर एकच उपाय: बोलणं फोनवर झालं की लगेच लेखी पाठवायचं. मी पाठवते तो मजकूर असा: "नमस्कार. ठरल्याप्रमाणे अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, संध्याकाळी सहा ते नऊ साथीला येते. मानधन इतकं, येण्याजाण्याचा खर्च वेगळा. तालीम एक. कृपया होकार कळवा." एवढंच. होकार आला नाही तर ती तारीख मोकळी धरायची.

फुकट कधी वाजवायचं? माझा नियम: जिथे स्वतः आयोजकही कमवत नाही आणि गाणारा माणूस माझ्यापेक्षा मोठा आहे, तिथे. देवळात, गुरूंच्या घरच्या बैठकीत, मित्राच्या पहिल्या मैफलीत. तिकीट लावलंय, साउंडवाल्याला पैसे, मांडववाल्याला पैसे, निवेदकाला पैसे, आणि तुम्हाला "व्यासपीठ मिळतंय ना", तिथे नाही. एका संस्थेने मला सलग तीन दिवाळ्या "पुढच्या वर्षी नक्की बघू" म्हणून वाजवायला लावलं. चौथ्या वर्षी मी आकडा सांगितला. त्यांनी दुसरी मुलगी शोधली. ती आता मला फोन करून विचारते, काय करू.

ध्वनिमुद्रणाला गेलात तर सही करण्याआधी कागद वाचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात वादकालाही स्वतःच्या सादरीकरणाचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. "नेहमीचाच फॉर्म आहे" असं म्हणत पुढे सरकवलेल्या कागदावर बरंच काही लिहून गेलेलं असतं.

८. मुलींसाठी वेगळं

"बाई तबला वाजवते" हे कौतुकाने म्हणतात आणि मग साथीला मुलग्याला बोलावतात. मला पहिल्या दोन वर्षांत महिला दिनाची आमंत्रणं सगळ्यात जास्त यायची. घ्या, पण तिथून निघताना एकातरी गायिकेचा नंबर घेऊन निघा.

बाहेरगावचा कार्यक्रम असेल तर राहण्याची सोय, खोलीत कोण आणि परतीची गाडी कोणती, हे मानधनाच्या आधी विचारायचं. यात अवघडण्यासारखं काही नाही. उत्तर गोलमोल आलं तर जायचं नाही. आणि साडी की सलवार यावर आयोजकाशी वाद घालू नका. मांडी घालून दोन तास मनगट मोकळं राहील ते घाला.

९. ३० जूनला वही उघडा

माझ्या त्या वर्षाच्या वहीत ३८ कार्यक्रम आहेत. २१ फुकट किंवा नुसत्या प्रवासखर्चावर. बाकीच्या १७ मधून वर्षाचे १९,४०० रुपये आले. कथकच्या क्लासातून त्याहून जास्त. आकडा वाईटच होता. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि वही बंद केली.

पण शेवटच्या रकान्यात ११ नावं होती. अकरा लोकांनी मला पुन्हा बोलावलं होतं, आणि त्यातल्या तिघांना मी कोणाची मुलगी, कोणाची शिष्या, काही माहीत नव्हतं. आईने ती नावं मोजली. त्यावर आमचं ठरलं.

तुम्हीही पैशाच्या आधी तो रकाना बघा. नावं दोन-तीनच असतील तर का, हे एखाद्या गायकाला सरळ विचारा. बहुतेक वेळा उत्तर हातातल्या तयारीचं नसतं. उशिरा येतो, सूर मिळवायला वेळ लावतो, मधेच घुसतो, फोन उचलत नाही, असलं काहीतरी असतं, आणि ते दुरुस्त होतं. दुसरी गोष्ट स्वतःला विचारायची: कार्यक्रम नसलेल्या दिवशी, कोणी बघत नसताना, तबल्यावर बसलात का? मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी? ज्यांना टाळीची सवय लागलेली असते त्यांना तो मंगळवार फार जड जातो. नावं भरपूर आहेत पण तो मंगळवार नकोसा होतो, असं असेल तर या धंद्यात चाळीस वर्षं काढणं कठीण आहे.

१०. थांबायचं ठरलं तर

मग नीट थांबा. गुरूंकडे स्वतः जा, फोनवर नको, निरोप तर नकोच. "सर, मी याच्यावर पोट भरणार नाही असं ठरवलंय, पण आठवड्यातून एकदा यायची परवानगी द्या." बहुतेक गुरूंना याचा राग येत नाही. न सांगता यायचं बंद करण्याचा येतो.

तबला विकू नका. माळ्यावरही टाकू नका. एका पावसाळ्यात पुडीला बुरशी येते. कोरड्या कपाटात, कापडात गुंडाळून, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी हात लागायला हवा.

माझ्याबरोबर विशारद झालेला, माझ्यापेक्षा हात चांगला असलेला एक मित्र त्याच वर्षी थांबला. त्याच्या वहीत नावं माझ्यापेक्षा जास्त होती. पण त्याला कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपासून जेवण जायचं नाही, आणि ते कमी होईना. तो आता बँकेत आहे. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजनाला वाजवतो, आणि जेवून जातो. मी मिरजेला गेले की कधी डग्ग्यामागे त्याच्या शेजारी बसते. त्याचा ना अजून माझ्यापेक्षा गोड आहे.

राहिलं एक. पुढच्या वेळी फोन आईने नाही, तुम्ही स्वतः करा. दुपारी दोन ते चार सोडून, तेव्हा माझा रियाझ असतो.